न धरलेलं सुतक

माझ्या धाकट्या दिराचं, बिरूचं, लग्न झालं त्याच्या पुढच्या साली माघात गंगू जोगतीण आमच्या वाड्यावर आली. वाडा म्हणजे भिंतींचा नव्हे. आम्ही मेंढपाळ माणसं. घोडी, मेंढरं, कोंबड्या आणि पोरंबाळं घेऊन रानोमाळ फिरायचं, ज्याच्या शेतात मेंढरं खताला बसवायची तिथं काही दिवस उतरायचं, आणि पुन्हा उठायचं. त्या उतरण्यालाच आम्ही वाडा म्हणतो. त्या वेळी आमचा वाडा पाटाच्या कडेला, ऊस तुटून गेलेल्या रानात होता.

गंगूनं डोक्यावरची देवीची परडी उतरून घोंगड्यावर ठेवली, गूळ खाऊन पाणी प्याली आणि म्हणाली, "पोर कुठं हाय?"

"बाभळीखाली," माझी जाऊ हौसा म्हणाली. "बसलीया. बसूनच असती हल्ली."

"बसणारच की. पाठीवर राणी बसल्यावर घोडं उधळंल व्हय?"

आमचे मालक पलीकडं दगडावर कातर पाजवत होते. कातरणी जवळ आली होती. ते मान वर न करता म्हणाले, "गंगाबाई, गेल्या साली देवीच्या घोंगड्याला म्हणून लोकर नेलीसा. ते घोंगडं बाजारात तुमच्या जावयाच्या अंगावर दिसलं."

"मग? माझा जावई देवीचा कुणी न्हाई व्हय रं?"

सगळे हसले. हौसा हसली नाही. ती जाऊन लेकीला हाताला धरून घेऊन आली.

जकू तेव्हा चौदाची असेल. मागच्या साली हीच पोर घोडं सोडून पायी पळायची, कोकरू काखेत मारून वाड्याच्या पुढं जायची. आता चालायची तर मान एका अंगाला कलायची. डोक्याला पिवळं फडकं बांधलेलं. हौसानं ते सोडलं आणि केसांची जट मोकळी झाली. लांबसडक केस होते पोरीचे. ते सगळे एकमेकांत गुंतून, चिकटून, भंडारा आणि तेल पिऊन मानेमागं एक जाड गोळा झाला होता आणि त्याला खाली शेपटासारख्या दोन वाद्या लोंबत होत्या. वास यायचा. माशा बसायच्या. जकू माशीही हाकलायची नाही.

गंगूनं भंडारा लावला आणि गोळा चाचपला. बोटं एका जागी थांबली.

"हौसा, हितं हात लाव. कठीण लागतंय का?"

"लागतंय. लई दिसापासनं लागतंय."

"टाक हाय," गंगू म्हणाली. "आईनं आत आपला टाक घडवायला घेतलाय. शंभरात एखादीला असं हुतंय."

देव्हाऱ्यात चांदीच्या पत्र्यावर उठवलेला देव असतो, तो टाक. तसला टाक केसांच्या आत घडतोय, हे ऐकल्यावर हौसानं जकूच्या पायांवर डोकं ठेवलं. बिरूची नवी नवरी पाया पडली. मीही हात जोडले. का जोडू नये? मीही तसल्याच घरात वाढले होते.

जकू काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणाली आई?" गंगूनं विचारलं.

"दुखतंय म्हणाली," मी म्हटलं.

"दुखायचंच. देवाचं ओझं हाय, सरपणाची मोळी हाय का?" गंगूनं परडी उचलली. "येत्या पुनवेला डोंगरावर आणून सोडा तिला. आता ही फिरणाऱ्या वाड्यात ऱ्हायची न्हाई. आईच्या दारात बसंल, परडी धरंल, जोगवा मागंल. परत न्यायला येऊ नगा."

"आणते," हौसा म्हणाली.

जकूचा बाप, माझा मधला दीर खंडू, मेंढरांची जाळी ताणत होता. त्यानं ऐकलं आणि खुंटीवर दगड घालत राहिला. तो मुळातच कमी बोलायचा. गेल्या सालापासून अजून कमी.

गेल्या सालचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. बिरूचं लग्न मुलीच्या दारात होतं. मुलीचं गाव पाटाच्या पलीकडं, म्हणून वऱ्हाडाचा वाडा आम्ही याच रानात उतरवला होता. आदल्या दिवशी देवक बसलं, हळद लागली. लग्नाच्या सकाळी सगळ्यांची घाई चालली होती आणि हौसाचं दीड वर्षाचं पोर, मायाप्पा, पाटात गेलं. पुरुषांनी शोधलं तेव्हा ते खाली मोरीच्या तोंडाशी अडकलं होतं.

आमच्यात देवक बसलं की सुतक लागत नाही. घरात कुणी मेलं तरी लग्न थांबवायचं नाही, रडायचं नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही. थांबवलं तर नवरानवरीचं वाटोळं होतं असं मानतात. म्हातारा सासरा तेव्हा जिवंत होता. त्यानं सांगितलं, "बांधाला पुरून या. अक्षता पडूस्तवर कुणाच्या डोळ्यातनं पाणी आलं न्हाई पायजे." खंडूनं आणि आमच्या मालकांनी बांधाच्या कडेला खड्डा काढला. हौसानं पोराला आपल्या खणात गुंडाळून दिलं आणि तोंड धुऊन, कुंकू लावून वऱ्हाडात चालू लागली. मांडवात ती माझ्या शेजारी बसली होती. जकू तिच्या पलीकडं, डोक्यावरून फडकं कपाळापर्यंत ओढून. वाजंत्री वाजत होती. मुलीकडच्या बायका म्हणाल्या, "नवऱ्याच्या वहिनी लई गंभीर हायसा." मी म्हटलं, "जागरण झालंय."

अक्षता पडल्या, जेवणं झाली. दुसऱ्या दिवशी शेतकऱ्यानं पाणी सोडायला काढलं म्हणून वाडा उठवावा लागला. रडायचं ते राहूनच गेलं. मग जो तो म्हणायचा की आता पोराचं नाव काढू नका, हौसाला त्रास होईल. कुणी काढलं नाही.

तेव्हापासून जकू केस विंचरेना. हात लावू देईना. मी एकदा तेलाची वाटी घेऊन बसले तर माझ्या हाताला चावली. आषाढात केसांचा गोळा झाला होता. नवरात्रात एका गावच्या बाईनं तो पाहिला आणि नारळ फोडला. तिथून सगळं पालटलं. ज्या गावच्या शिवारात वाडा उतरे तिथल्या बाया ओटी घेऊन येऊ लागल्या. कुणाला मूल होत नव्हतं, कुणाची म्हैस आटली होती. जकू काही बोलायची नाही. बाया म्हणायच्या, आई मौन आहे. आणि हौसा, जी तोवर तोंडात माती धरल्यासारखी वावरत होती, ती सकाळी उठून अंघोळ करायला लागली, ऊद जाळायला लागली. ते पाहून आम्हाला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू.

गंगू येऊन गेली आणि जकूला ताप भरला. मान सुजली, जटेखालून पाणी येऊ लागलं. खंडू मला म्हणाला, "वहिनी, तालुक्याला नेता का? हौसाला सांगू नगा, बाजाराला म्हणून न्या."

तालुक्याच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या, कोवळ्या वयाच्या. त्यांनी जट पाहून नाक मुरडलं नाही. औषध लावलं, सुई दिली. मग स्टूल ओढून जकूपुढं बसल्या आणि मलाच विचारत राहिल्या.

"जेवते का?"

"भाकरी घेती. कुत्र्याला टाकती."

"झोप?"

"डोळं उघडंच असत्यात कवाबी बघा."

"आधी अशीच होती?"

"न्हाई बाई. आधी हिला गप कर म्हणून सांगायला लागायचं."

मग त्यांनी जकूचा हात हातात घेतला आणि अगदी हळू म्हणाल्या, "जकू, मरून जावं असं वाटतं का गं तुला?"

मला राग आला. "बाई, लेकराला असलं काय इचारता? तोंडाला येईल ते?"

जकू म्हणाली, "व्हय."

कोकरांना पाणी पाजलं का म्हटल्यावर व्हय म्हणावं, तसं म्हणाली.

बाईंनी तिचा हात सोडला नाही. मला म्हणाल्या, "मावशी, अंगाला ताप येतो तसा मनालाही आजार होतो."

"एवढ्या पोरास्नी? पोरांचं मन ते केवढं असतंय?"

"याच वयात सुरू होतो पुष्कळांना. इथं होतो, परदेशात होतो, शिकलेल्यांच्या घरात होतो. विचारत कुणी नाही, म्हणून दिसत नाही. हिचे केस काढा आधी, खाली सगळं सडतंय. आणि जिल्ह्याच्या गावी मनाचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडं न्या. आणि हिला एकटी सोडू नका. अजिबात नको."

परत येताना जकू माझ्या पुढं चालत होती. पाटाच्या पुलावर थांबली. मी धावत जाऊन तिचा दंड धरला. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "पाणी कमी केलंय यंदा."

हौसा भाकरी थापत होती. मी तिच्याजवळ बसून सगळं सांगितलं. केस काढायचं ऐकल्यावर ती थापायची थांबली नाही, नुसती हळू थापू लागली.

"अक्का, तुमास्नी माझं चांगलं बघवत न्हाई का?"

"हौसा, पोर सडाय लागलीया."

"माझं एक नेलं तिनं. आता दुसऱ्याच्या डोक्यावर येऊन बसली. म्हंजी फुकट न्हाई नेलं. एवढं तरी मला ऱ्हाऊ द्या."

"मरावं वाटतं का म्हणून इचारलं डॉक्टरनीनं. व्हय म्हणाली तुझी लेक."

तिचा हात भाकरीवर तसाच राहिला. तव्यातली करपली, वास सुटला. मग ती म्हणाली, "देवीच्या दारात गेली की नीट हुईल," आणि करपलेली भाकरी काढून कुत्र्याला टाकली.

मी मालकांना म्हटलं, तुम्ही थोरले, तुम्ही बोला. ते म्हणाले, "देवाच्या आणि बायकांच्या मधी मी कुठं पडू?" खंडूला म्हटलं. तो म्हणाला, "तिला एवढाच आधार हाय, वहिनी." कुणाला आधार, हे त्यानं सांगितलं नाही. मी त्या दिवसांत जकूला माझ्या घोंगड्यावर निजवू लागले, आणि तिच्या पायाला माझ्या लुगड्याचा पदर बांधू लागले.

पुनवेच्या आदल्या दिवशी कातरणी काढली. सकाळी मेंढरं पाटात धुतली, उन्हात वाळवली आणि पुरुष ओळीनं बसले. कातरलेली मेंढी आपल्या कोकराला ओळखू येत नाही. अंगावरची लोकर गेली की आईच वेगळी दिसते. कोकरं ओरडत फिरतात, एकीकडून दुसरीकडं, आणि आई समोर उभी राहून हाका मारत असते तरी तिच्याजवळ येत नाहीत. वास घेऊन खात्री पटेपर्यंत असा गोंधळ चालतो. कोकरं सांभाळायचं काम जकूचं होतं. ती त्यांच्यामध्ये उभी होती आणि एकेकाला उचलून त्याच्या आईच्या कासेला नेऊन लावत होती. कितीतरी दिवसांनी मी तिचे हात हलताना पाहिले.

मालकांनी एक मेंढी सोडली आणि दुसरीला हाक मारली. मेंढीच्या जागी जकू येऊन बसली. लोकरीच्या ढिगात, पाठ त्यांच्याकडं करून.

"तात्या, माझं बी कातरा."

मालक हसले. "ऊठ गं. कामाच्या वेळंला चेष्टा करती व्हय?"

"कातरा. मला डोंगरावर जायचं न्हाई. मला हितंच ऱ्हायचंय."

"हितं कुठं? परवा वाडा उठंल."

"वाडा उठू दे. मी पाटाजवळ ऱ्हाते."

मालकांच्या हातात कातर तशीच होती. हौसा चुलीपासून धावत आली.

"हात लावू नगासा भावजी. निर्वंश हुईल. माझं एक गेलंय."

वर्षभरात 'माझं एक गेलंय' हे तिनं सगळ्यांसमोर पहिल्यांदा म्हटलं. मालकांनी कातर खाली ठेवली. बायकांनी कातरीला हात लावायचा नाही, अशी आमच्यात रीत आहे. लावला तर मेंढरांना खरूज होते म्हणतात. मी ती उचलली. हौसा माझ्या अंगावर आली तेव्हा खंडूनं तिचे दोन्ही हात मागून धरले.

"कातरू दे," तो म्हणाला.

"तुमी बी?"

"कातरू दे, हौसा."

जट केसांसारखी कापली जात नाही. ओला दोरखंड कापावा तशी लागते. मी खालच्या वाद्या तोडल्या, मग गोळ्याला बगलेनं कातर घातली. जकूनं दात आवळले होते. आतून पू आला, रक्त आलं. मग कातर एकदम अडली. आत काहीतरी कठीण होतं.

"टाक," बिरूची बायको म्हणाली आणि मागं सरली.

मालकांनी डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला. पण मला अर्ध्यावर सोडता येत नव्हतं. मी कातर ठेवली आणि बोटांनी गुंता फाडला. उवा, भंडारा, वाळलेलं रक्त. आणि मधोमध एक लाकडी फणी. दोन्ही बाजूंना दाते असलेली, उवा काढायची असते तसली. एका कोपऱ्याला चीर पडलेली आणि तिथं पितळी तार गुंडाळलेली.

ती माझ्या तळहातावर होती आणि सगळे तिच्याकडं पाहत होते. कुणाला काही कळेना. मलाही कळेना.

हौसा म्हणाली, "माझी हाय ती."

खंडूनं तिचे हात सोडले.

जकू तशीच पाठमोरी बसली होती. डोकं अर्धं उघडं, जागोजागी लाल. मी तिच्यापुढं जाऊन बसले. "जकू, ही फणी कवापासनं हाय गं?"

"लग्नादिवशीपासनं."

"काढली का न्हाईस?"

ती फणीकडं बघत म्हणाली, "आय म्हणाली डोकं विंचर, मांडवात बसायचंय. मी आरसा दगडाला लावला आन् बसले. फणी अडकली. गुंता निघंना. मायू मागं मातीत खेळत हुता. आरशात दिसत हुता. मी त्याला बघत हुते आन् विंचरत हुते. मग फणीकडं बघितलं. परत आरशात बघितलं तर न्हवता. मला वाटलं शेळीमागं गेला असंल. मी आधी फणी काढायला बघितली, थोरलीआय. मग उठले."

कोकरं ओरडत होती. बिरू तोंडावर हात धरून उभा होता.

"फणी काढायच्या नादात गेला तो," जकू म्हणाली. "मग मी काढलीच न्हाई."

मी तिला काही म्हणणार होते. काय म्हणणार होते ते आता आठवत नाही, कारण हौसा पुढं आली आणि लेकीसमोर मातीत बसली. तिनं माझ्या हातातली फणी घेतली.

"तुझ्या मागनं म्या उचलला त्याला," ती म्हणाली.

जकूनं तिच्याकडं पाहिलं.

"तू विंचरत हुतीस. तुला कळलं न्हाई. म्हणलं ही नटतीया तर नटू दे निवांत, पोराला आपुन घ्यावं. म्या उचलला आन् घोड्यापाशी नेला. बिऱ्हाडाचा दोर ढिला झालावता. आवळायला म्हणून त्याला खाली ठिवला. दोर आवळूस्तवरच." तिनं फणी मुठीत आवळली. "आरशातनं तो पाण्यात न्हाई गेला, जकू. आरशातनं तो माझ्या कडंवर गेला."

"तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"समदं साल?"

"व्हय."

"मला वाटत हुतं ते बी ठावं हुतं?"

हौसा म्हणाली, "तू कायच बोलंनास. म्हणलं हिला न्हाई काय वाटत. मग जट आली. मला वाटलं आई आली, तिनं मला माफ केलं."

आणि मग ती रडली. पाण्यात बुडालेल्या पोराच्या आईनं रडावं तशी, एक साल उशिरानं. लोकरीत लोळली, कपाळ जमिनीवर आपटलं. तिचं ऐकून मीही रडले, बिरूची बायको रडली, जिनं त्या पोराला कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. खंडू बांधाकडं गेला आणि तिथं एका जागी उकिडवा बसला. जागेवर काही खूण नव्हती; शेतकऱ्यानं नांगरलं होतं. तो अंदाजानंच बसला होता.

जकू रडली नाही. ती हौसाकडं पाहत होती, कोकरानं कातरलेल्या मेंढीकडं पाहावं तशी, आपली आहे की नाही याचा अंदाज घेत.

मालकांनी पटका घडी करून खांद्यावर टाकला. "आजची चूल इझवा," ते म्हणाले. "आजपासनं सुतक धरायचं. दहा दिस."

बिरू म्हणाला, "दादा, निम्मी मेंढरं ऱ्हायलीत."

"ऱ्हाऊ दे निम्मी."

वाडा उठला नाही. डोंगरावर कुणी गेलं नाही. गंगू निरोपाची वाट बघून स्वतः आली, चूल गार बघून बांधावरूनच शाप देत परतली. लहान लेकराचं एवढं सुतक कुणी धरत नाही, पण आम्ही धरलं. पाटावरून सायकलवर जाणारा एक शेतकरी हसला: "काय पाव्हणं, निम्मी मेंढरं नागडी आन् निम्मी घोंगडं पांघरलेली?"

"सुतक हाय," मालक म्हणाले.

"कोण गेलं?"

"पोरगं."

"आरारा. कवा?"

"गेल्या साली."

तो पुन्हा हसायला लागला, आणि मग त्याचं लक्ष खंडूच्या भादरलेल्या डोक्याकडं गेलं. त्यानं सायकल काढली आणि गेला.

सुतक फिटल्यावर मी आणि खंडूनं जकूला जिल्ह्याच्या गावी नेलं. मनाच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. मी तिच्याजवळ तिथं राहिले. कुणाला वाटेल की खरं कळलं आणि पोर उठून हसली. तसं झालं नाही. गोळ्यांनी झोप लागू लागली, मग हळूहळू भाकरी जाऊ लागली. काही सालं चांगली गेली, पुन्हा कोकरू काखेत मारून वाड्याच्या पुढं चालायची. काही सालं नुसती बाभळीखाली बसून गेली. आम्ही फिरती माणसं, गोळ्या कधी मिळत, कधी संपत. संपल्या की मी पुन्हा पदर बांधून निजायची. तिचं लग्न आम्ही केलं नाही, तिनंही मागितलं नाही. तिनं केस कधी कानाखाली येऊ दिले नाहीत. दर कातरणीला सगळी मेंढरं संपली की ती मालकांपुढं येऊन बसायची, आणि मालक गेल्यावर माझ्यापुढं.

हौसाला तिनं एका शब्दानं कधी बोल लावला नाही. तिच्या हातचं पाणीही कधी मागितलं नाही. हौसा तिची भाकरी रोज वेगळी थापायची, मऊ, आणि ती माझ्या हातानं तिच्यापर्यंत जायची. हौसा म्हातारी होऊन गेली तोवर असंच चाललं.

एकदाच, बऱ्याच वर्षांनी, आम्ही दोघी पाटावर कपडे धूत होतो तेव्हा मी विचारलं. "जकू, आता तरी पटलं न्हवं, तुझ्याकडनं काय झालं न्हाई?"

"पटलंय की," ती म्हणाली. "तवाच पटलं. पर आरसा दिसला की मी अजून मागं बघते."

मला अक्षरं उतारवयात आली. वाडा थांबला, गावात राहायला लागलो, तेव्हा. त्याआधी हे सांगायला तोंडच होतं आणि तोंडानं सांगायची हिंमत झाली नाही, कारण जकू समोर असायची. आता ती नाही, म्हणून लिहिलं.

मायाप्पा, खंडू आणि हौसाचा मुलगा, दीड वर्षाचा, बिरूच्या लग्नाच्या दिवशी सकाळी पाटात बुडून वारला. त्याची बहीण जकाबाई गेल्या कार्तिकात, छातीच्या दुखण्यानं, माझ्या घरी वारली.